अष्टमीची ओहोटी

विश्रांतवाडीत घर घ्यायचं बायकोने ठरवलं. तिची बहीण आळंदी रस्त्याला राहायची. माझ्या नोकरीमागे तीस वर्षं किनाऱ्यावरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढल्यावर निवृत्तीनंतरचं गाव तिने निवडायचं, असा आमच्यात करार होता. करारातला माझा वाटा मी पाळला. ती मात्र दुसऱ्याच वर्षी गेली. पुढे बहीणही मुलीकडे नागपूरला राहायला गेली. आम्हाला मूल नव्हतं. उरलो मी, दोन खोल्या, आणि चार-पाच तासांवर असलेला समुद्र.

एकटेपणावर लोक फार सुंदर लिहितात. मला तो सुंदर वाटला नाही. एकदा बँकेत कारकुनाने काहीतरी विचारलं, उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. शेवटचं कधी बोललो होतो ते आठवू लागलो. परवा, दूधवाल्याशी. तेही "उद्या नको" एवढंच.

माझं सगळं आयुष्य गेलं ते भरती आणि ओहोटी यांच्या मधल्या पट्ट्यात. पाणी हटलं की उघडा पडणारा कातळ, त्यातली डबकी, दगडांखाली राहणारे जीव. त्यांची मोजदाद करायची आणि ते कमी होत चालल्याचं वर लिहून पाठवायचं. अहवाल कपाटात जायचे आणि मी चिडायचो. माझं म्हणणं एकच होतं. लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. पाहिल्याशिवाय कोणी कशाला वाचवेल? हे मी वरिष्ठांना सांगितलं, परिषदांमध्ये सांगितलं, आणि बायकोला तर इतक्या वेळा सांगितलं की ती म्हणायची, "अहो, मला पटलंय. आता दुसऱ्या कोणाला तरी सांगा."

दुसरं कोणी मिळालं ते ज्येष्ठ नागरिक संघात. बागेच्या फाटकावर त्यांचा फळा असे. एके दिवशी त्यावर लिहिलं होतं, 'गुरुवारच्या व्याख्यानांसाठी वक्ते हवेत. विषय कोणताही चालेल. राजकारण आणि स्वतःच्या कविता सोडून. वेळ चाळीस मिनिटे. नंतर चहा.' मी फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिलो आणि मग आत जाऊन नाव दिलं. चहासाठी दिलं म्हणा हवं तर.

माझ्या आधीच्या गुरुवारी गुडघेदुखीवर व्याख्यान झालं होतं आणि श्रोते अजून त्याच मनःस्थितीत होते. अध्यक्ष होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे बाई म्हणत. त्यांच्यासमोर टेबलावर पितळी घंटा असे आणि चाळीस मिनिटं झाली की वक्ता वाक्याच्या मधोमध असला तरी त्या ती वाजवत.

मी खिशातून एक जुनी कवडी काढली आणि म्हणालो, "ही तुम्ही सगळ्यांनी हाताळली आहे. सारीपाटात, देवीच्या परडीत. पण ही जिवंत असताना कशी दिसते, कोणी पाहिलंय?" कोणीच पाहिलं नव्हतं. मग सांगितलं, की कवडी म्हणजे एका गोगलगाईचं घर. ती गोगलगाय आपलं मऊ अंग दोन्ही बाजूंनी घरावर पांघरून घेते, शाल पांघरावी तसं. म्हणून कवडीला एवढी चमक असते. बोट लावलं की शाल हळूच आत जाते आणि मगच आपल्याला माहीत असलेली कवडी दिसते. गुडघे चोळणारे हात थांबले. मागच्या रांगेतल्या एक आजी पुटपुटल्या, "अगंबाई, म्हणजे आम्ही घरं फेकत होतो की काय पटावर!" इतक्या वर्षांत माझ्या एकाही अहवालाला असा अभिप्राय आला नव्हता.

प्रश्न विचारायला पहिले उठले ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर; संघात सगळे त्यांना साहेब म्हणत. उंच, किरकोळ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. "समुद्राचं पाणी केव्हा उतरतं, हे कळतं कसं?"

मी त्यांना कोकणातला ठोकताळा सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. तृतीया असेल तर तीन पाऊण सव्वादोन; सव्वादोनला भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, सकाळी सव्वाआठला. ही पाऊणकी शाळेत घोकलेली पिढी. सगळं सभागृह तोंडातल्या तोंडात गुणाकार करू लागलं. साहेबांचा चेहरा उजळला. "उभी हयात मी धरणातून पाणी सोडण्यात घालवली," ते म्हणाले, "पण पाण्याने आपणहून वेळ पाळल्याचं आज पहिल्यांदा ऐकतोय."

ठोकताळ्याचा दुसरा अर्धा भाग राहिला होता. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला असतो भांग. तेव्हाही ओहोटी वेळेवर येते, पण नावापुरती. पाणी थोडंसंच हटतं आणि कातळ काही उघडा पडत नाही. हे सांगणार एवढ्यात बाईंनी घंटा वाजवली. पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणून मी चहाकडे वळलो.

पहिली सहल त्याच हिवाळ्यात निघाली. एक टेम्पो ट्रॅव्हलर, चौदा माणसं. पौर्णिमेनंतरची तृतीया मी निवडली. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम केला आणि सकाळी आठच्या सुमाराला सगळे कातळावर. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच. मी नोकरीत असताना वीस वर्षं मोजत आलो होतो तोच हा कातळ. मी एक दगड उलटला आणि खाली पाठीवर शाल ओढून बसलेली कवडी दाखवली. चौदा डोकी एकमेकांवर आपटली. मुख्याध्यापिका बाई साडीचा काठ वर खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा एक जीव, मिटताना पाहून त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. साहेब मात्र माझ्या मागून चालत मी उलटलेला प्रत्येक दगड पुन्हा जसा होता तसा लावत होते, कारण मी सांगितलं होतं की दगडाची खालची बाजू उन्हात राहिली तर तिथलं सगळं मरतं.

त्यानंतरचं दीड वर्ष माझं फार सुखात गेलं. हे लिहायला मला संकोच वाटत नाही. फोन वाजू लागला. बागेत गेलो की "या, समुद्रवाले सर" म्हणून कोणी बाकावर जागा करायचं. एकजण थालीपीठ आणून द्यायची, एकजण डबा परत मागायच्या निमित्ताने बसायची आणि तासभर नवऱ्याच्या तक्रारी सांगायची. साहेब तर दर दोन दिवसांनी येत. त्यांनी वर्षभराच्या भरती-ओहोटीचा तक्ता केला, बारीक अक्षरात, आणि तो लॅमिनेट करून आणला. आम्ही वाद घालत बसायचो, नदी श्रेष्ठ की समुद्र. त्यांच्या मते समुद्र हा अखेरीस नद्यांच्या मेहनतीवर जगणारा श्रीमंत होता. त्यावर एकदा मी इतक्या मोठ्याने हसलो की शेजारच्यांनी भिंतीवर थापट मारली.

सहली वाढल्या. दुसऱ्या खेपेला तीसजण, तिसऱ्या खेपेला चाळीस. तारीख दर वेळी मीच देई, आणि तृतीया किंवा तिच्या आसपासचाच दिवस देई. "तृतीया तुमची फार लाडकी दिसते," साहेब एकदा म्हणाले. मी हसून सोडून दिलं. भांगाचं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

मग संक्रांतीला मी बाईंच्या घरी तिळगूळ घ्यायला गेलो. देव्हाऱ्यात देवीसमोर एक कवडी होती, ठिपक्यांची, ताजी. माझी नजर गेलेली पाहून बाई प्रेमाने म्हणाल्या, "एकच आणली हो. सर, तुमचा समुद्र आमच्या देवीला आवडला." पुढच्या घरी तशीच एक दिवाणखान्यातल्या काचेच्या वाडग्यात होती. तिसऱ्या घरी नातवाच्या कंपासपेटीत. प्रत्येकाने एकच आणली होती. साहेबांच्या घरी काही नव्हतं.

मी गुरुवारी बोललो. जरा तोल सोडूनच बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनी तिथल्या तिथे शपथ लिहिली, तिच्यातल्या एका शब्दावर दहा मिनिटं चर्चा झाली, आणि पुढच्या सहलीत किनाऱ्यावर हात पुढे करून सगळ्यांनी ती खणखणीत आवाजात म्हटली. त्यानंतर सगळे कातळावर पांगले आणि परतीच्या बसमध्ये एका पर्समधून पाणी गळत होतं.

महिन्याभराने मी एकटाच एसटीने तिथे गेलो. कातळाच्या पोटाला एक लांब खोबण होती. तिथे कवड्या नेहमी असायच्या. वीस वर्षांत ती जागा मी रिकामी पाहिली नव्हती. त्या दिवशी ती रिकामी होती. आजूबाजूला उलटे पडलेले दगड, त्यांच्या पोटावरचे स्पंज वाळून पांढरे झालेले. मला रडू आलं नाही. राग आला. पण राग काढणार कोणावर? त्यांना तिथे नेलं होतं मीच.

परत आलो तर साहेब माझी वाटच पाहत होते. हातात तक्ता, चेहऱ्यावर उत्साह. "सर, तीन संघ एकत्र येतायत. दोन मोठ्या बस, नव्वद माणसं. आणि एक शोध लावलाय मी. येत्या रविवारी वद्य अष्टमी. आठ पाऊण सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी! पहाटे निघायचं, बाराला कातळावर, जेवून संध्याकाळी परत. मुक्कामाची भानगडच नाही. तुम्ही आम्हाला उगाच तृतीया-तृतीया करत मुक्कामाला ठेवत होतात."

"एवढी माणसं नकोत," मी म्हणालो. "कातळाला सोसणार नाही."

"सर," ते म्हणाले, "पाहिल्याशिवाय कोणी वाचवत नाही, हे वाक्य तुमचं आहे."

त्यावर मला उत्तर सुचलं नाही. आणि मग लक्षात आलं, की उत्तर द्यायची गरजच नाही. अष्टमी. भांग. बारा वाजता तिथे गुडघाभर तरी पाणी असणार, आणि कातळ त्याच्याखाली.

ते गेल्यावर मी चार दिवस त्याच विचारात होतो. सांगितलं, तर साहेब तारीख बदलतील, नव्वद माणसं तृतीयेला उघड्या कातळावर उतरतील, आणि जे काही उरलंसुरलं आहे तेही पिशव्यांतून पुण्याला येईल. नाही सांगितलं, तर कातळ वाचेल. पण पाण्यासमोर उभं राहून मला त्या लोकांना तोंड द्यावं लागेल, आणि फोन, बाक, थालीपीठ, वाद, सगळं जाईल. इतकी स्वच्छ निवड माझ्यासमोर आयुष्यात कधी आली नव्हती. जन्मभर मी लोक ऐकत नाहीत म्हणून ओरडत आलो. आता ते ऐकत होते आणि मी गप्प बसलो.

रविवारी बससमोर नारळ फुटला. मला पुढची खिडकी दिली. पावणेबाराला आम्ही किनाऱ्यावर होतो. नव्वद माणसं टोप्या घालून ओळीत उभी राहिली. समोर निळं, शांत, भरलेलं पाणी.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "जरा थांबू या. पंधरा मिनिटं आहेत अजून."

पंधरा मिनिटं झाली. आणखी पंधरा झाली. बसचा ड्रायव्हर वाघोलीकडचा होता. पायातल्या चपला काढून तो पाण्यात दोन पावलं गेला, परत आला आणि म्हणाला, "सायेब, पानी हाय तिथंच हाय की."

मग सुरू झालं. इतर दोन संघांचे लोक साहेबांना ओळखत नव्हते, त्यामुळे कोणी हात आखडता घेतला नाही. "पाटबंधारे खातं म्हटल्यावर पाणी वेळेवर कसं हलेल?" "आवर्तन पुढच्या आठवड्यात असेल हो." "तक्ता छान आहे, समुद्राला दाखवलात का?" साहेब तक्ता रुमालाने पुसत होते. त्यावर काही पडलं नव्हतं, तरी पुसत होते, आणि पुन्हा पुन्हा अष्टमीच्या ओळीवर बोट ठेवत होते. त्यांचं गणित अचूक होतं. मला ते बघवेना.

मी पुढे झालो. "यांची काही चूक नाही," मी मोठ्याने म्हणालो. "हे गणित मी शिकवलं. मीच चुकीचं शिकवलं."

लोक मला रागावतील अशी मी तयारी केली होती. कोणी रागावलं नाही. बाई जवळ आल्या आणि माझा दंड धरून म्हणाल्या, "असू द्या सर. वयोमानाने होतं असं. सावलीत बसा बघू." मागून कोणीतरी दुसऱ्याला हळूच सांगत होतं, "पत्नी गेल्यापासून जरा..." बाकीचं मला ऐकू आलं नाही. सगळ्यांनी सुरूच्या झाडांखाली मसालेभात खाल्ला, अंताक्षरी खेळली आणि तीन वाजता बस निघाल्या.

फोन एकदम थांबले नाहीत. आधी दिवसाआड, मग आठवड्याने, मग सणाला. फळ्यावर मधुमेहाचं व्याख्यान लागलं. पुढची सहल हुरडा पार्टीला गेली. मला बोलावलं होतं, पण 'जमलं तर या' असं. कातळावर पुन्हा जायचं कोणी नाव काढलं नाही. माझ्यावर विसंबून कोण जाणार? मला हेच हवं होतं, आणि ते मिळाल्यावर मी कित्येक दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. साहेबही येईनासे झाले. मला वाटलं, चारचौघांत झालेली शोभा ते विसरले नसतील.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ते आले. भाचीच्या लग्नासाठी कोकणात गेले होते. आत आले, पण बसले नाहीत.

"सर, भांग म्हणजे काय?"

मी खुर्ची पुढे सरकवली.

"तिथल्या एका होडीवाल्याला मी तक्ता दाखवला," ते म्हणाले. "तो हसला. म्हणाला, गणित बरोबर हाय, पण अष्टमीला भांग, पाणी काय हटत नाय. लहान पोरालासुद्धा ठाऊक असतं म्हणाला." त्यांनी तक्ता टेबलावर ठेवला. "तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"बस निघण्याआधी?"

"तुम्ही तारीख सांगितलीत त्याच क्षणी."

ते खुर्चीत बसले. मी पाणी आणलं. अर्धा पेला पिऊन त्यांनी तो जपून खाली ठेवला.

"कातळ वाचावा म्हणून केलंत, एवढं कळतं मला," ते म्हणाले. "लोक हसले, त्याचंही काही नाही. खात्यात असताना शेतकऱ्यांनी याहून वाईट ऐकवलंय. पण मला का नाही सांगितलंत? नुसतं म्हणाला असतात, की साहेब, तिथल्या कवड्या संपल्यात, आता कोणालाच न्यायचं नाही. मी दोन्ही बस रद्द केल्या असत्या."

"लोकांनी ऐकलं नसतं."

"लोकांचं सोडा हो. मी माझं बोलतोय."

मला सगळे सारखेच वाटले होते, हे कसं सांगणार? ते चहा नको म्हणाले, आणि जिना उतरून गेले. त्यानंतर ते आले नाहीत. मीही दोनदा त्यांच्या इमारतीच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.

त्यांनी हे कोणालाही सांगितलं नाही. मला ते कळतं, कारण अजूनही रस्त्यात संघातलं कोणी भेटलं की माझ्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलतं, आणि निघताना विचारतं, "सर, घरी नीट जाल ना?" मी जाईन म्हणतो. जन्मभर मला समुद्राबद्दल ऐकणारा माणूस हवा होता. असा एक मिळाला होता, दगड जागच्या जागी ठेवणारा, आणि सांगायची वेळ आली तेव्हा मी त्यालाच सांगितलं नाही.